शीर बुजेल, दाब मात्र राहील

पत्र

माझी आई ६१ वर्षांची आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि ४ वर्षांपूर्वी फॅटी लिव्हरमधून लिव्हर सिरॉसिस झाल्याचे निदान झाले. ५ आठवड्यांपूर्वी तिला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि हिमोग्लोबिन ५.८ पर्यंत उतरले. दुर्बीण टाकून अन्ननलिकेतल्या शिरांना ४ बँड लावले आणि जठराच्या वरच्या भागातल्या एका मोठ्या शिरेत ग्लू भरला. ती शीर अजून पूर्ण बुजलेली नाही, म्हणून आमचे डॉक्टर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने तिच्यात कॉइल आणि ग्लू घालायचे म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत ‘टिप्स’ (यकृतात स्टेंट बसवून शिरांतला दाब उतरवणे) करावी असे आहे. बिलिरुबिन २.१, अल्ब्युमिन २.९, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.६, प्लेटलेट ६२,०००. पोटात थोडे पाणी आहे, शुद्ध व्यवस्थित आहे. हा उपचार प्रयोगाच्या पातळीवर आहे का? रक्त इतके पातळ असताना शिरेत सुई घालणे धोक्याचे नाही का? ग्लू शरीरात इतरत्र गेला तर? दोन डॉक्टरांपैकी कोणाचे ऐकावे? आईला यातले किती सांगावे? आणि तिच्या गुडघ्याचा एमआरआय ठरला होता, तो नंतर करता येईल का?

उत्तर

तुम्ही ६ प्रश्न विचारले आहेत, आकडे नीट लिहून पाठवले आहेत, आणि तरीही पत्र वाचून झाल्यावर एक गोष्ट मला खटकत राहिली. तुमचे बहुतेक सगळे प्रश्न त्या एका शिरेविषयी आहेत. ती शीर ज्यामुळे फुगली त्या यकृताविषयी एकही नाही. रक्ताची उलटी डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाचे सगळे लक्ष त्या शिरेवर खिळणे साहजिक आहे. परंतु ज्या उपचाराविषयी तुम्ही विचारता आहात त्याची ताकद आणि त्याची मर्यादा या दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात: तो शीर बुजवतो, शिरेतला दाब उतरवत नाही. हे एकदा मनात पक्के बसले की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप जागेवर येतील, म्हणून आधी दाबाविषयी लिहितो.

आतडी, जठर आणि प्लीहा यांतून निघालेले रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या एका शिरेतून येते. सिरॉसिसमध्ये यकृतात जागोजागी व्रणाच्या कडक पट्ट्या तयार होतात आणि रक्ताला आत शिरायला जोर लागतो. भरीस भर म्हणून आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे येणारे रक्तही वाढते. पोर्टल शिरेतला दाब आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांतला दाब यांतील फरक निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर पारा एवढा असतो. तो १० किंवा त्याहून अधिक झाला की फुगलेल्या शिरा, पोटातले पाणी अशा गुंतागुंती सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि १२ च्या वर रक्तस्रावाचा धोका उभा राहतो. तुंबलेल्या पाटाचे पाणी जसे बांधाच्या कच्च्या जागेतून वाट काढते, तसे हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या भिंतीतल्या लहान शिरांतून हृदयाकडे जायचा आडमार्ग शोधते, आणि मुळात इतक्या रक्तासाठी नसलेल्या त्या शिरा फुगत जातात.

तुमच्या आईंच्या बाबतीत अशा शिरा दोन ठिकाणी आहेत आणि त्या दोन ठिकाणांचा स्वभाव वेगळा आहे. अन्ननलिकेतल्या शिरा भिंतीच्या अगदी आतल्या पृष्ठभागाखाली, उभ्या आणि तुलनेने बारीक असतात. रबरी बँडने त्यांचा फुगवटा आवळता येतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा पुन्हा करून त्या नाहीशा करता येतात. जठराच्या वरच्या घुमटातल्या, म्हणजे फंडसमधल्या शिरा मोठ्या, खोलवर गेलेल्या आणि अनेक फाटे असलेल्या असतात. तेथे बँडमध्ये शीर पूर्ण मावत नाही, आणि बँड गळून पडल्यावर जो व्रण उरतो त्याच्या तळाशी शीर उघडीच राहिलेली असू शकते. म्हणूनच तेथे ग्लू वापरतात. डॉ. शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पोर्टल दाब वाढलेल्या ५६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जठरातल्या शिरांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. त्या अभ्यासात सुमारे २० टक्के रुग्णांत जठरातल्या शिरा आढळल्या. अन्ननलिकेतल्या शिरांपेक्षा त्या कमी वेळा फुटत होत्या, पण फुटल्यावर रक्त अधिक द्यावे लागत होते. तुमच्या डॉक्टरांना उरलेल्या शिरेची घाई का वाटते, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

जठरातल्या शिरेत सायनोॲक्रिलेट, म्हणजेच हा ग्लू, भरण्याची पद्धत नवी नाही. हॅम्बर्गमधील डॉ. निब सोहेंद्र यांच्या गटाने १९८६ मध्ये ती प्रसिद्ध केली. हा द्रव रक्ताला लागताच काही सेकंदांत घट्ट होतो आणि शिरेत त्याचा साचा बनतो. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो साचा हळूहळू जठरात सुटून बाहेर पडतो. अडचण वेगळीच आहे. साध्या दुर्बिणीतून डॉक्टरांना जठराच्या अस्तराखाली उठलेला फुगवटा तेवढा दिसतो. त्यामागे शीर किती खोल आहे, तिला रक्त पुरवणारा फाटा कोठून येतो, सुईचे टोक खरोखर शिरेत आहे की तिच्या बाजूला, आणि ग्लू भरल्यानंतर आतला प्रवाह थांबला की नाही, हे दिसत नाही. शिरेवर दुर्बिणीचे टोक टेकवून ती कडक लागते का हे अजमावतात. अनुभवी हातांना हा अंदाज चांगला साधतो, पण तो अंदाजच असतो. ५ आठवड्यांपूर्वी तुमच्या आईंच्या जठरात रक्त साचलेले असताना, तातडीने, असाच अंदाज करावा लागला असणार. त्यामुळे शीर अर्धवट बुजली यात कोणाची चूक झाली असे मी म्हणणार नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकाशीच सोनोग्राफीचा लहान प्रोब बसवलेला असतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मध्ये चरबी, हवा आणि आतडी येतात. येथे प्रोब आणि शीर यांच्यामध्ये केवळ जठराची किंवा अन्ननलिकेची भिंत असते. डॉप्लर सुरू केला की शिरेतला प्रवाह रंगात दिसतो, शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि तिला रक्त पुरवणारा फाटाही बहुधा शोधता येतो. जठरात रक्त किंवा अन्न असले तरी हे चित्र साध्या दुर्बिणीइतके झाकोळत नाही. सेव्हिलमधील डॉ. रोमेरो-कास्त्रो यांच्या गटाने २००७ मध्ये या पद्धतीने शिरेच्या पुरवठा करणाऱ्या फाट्यात ग्लू भरल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढे कॉइलही वापरल्या. कॉइल आणि ग्लू एकत्र वापरण्याचा अनुभव सॅन फ्रान्सिस्कोतील डॉ. केनेथ बिनमुलर यांच्या गटाने २०११ मध्ये मांडला.

कॉइल म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळी होणारी अत्यंत बारीक तार, जिच्यावर कृत्रिम धाग्यांची लव असते. ती सरळ स्वरूपात सुईतून आत ढकलतात आणि शिरेत उतरताच ती आपला गोल आकार घेते. तारेच्या जाडीनुसार १९ किंवा २२ गेजची सुई लागते, म्हणजे साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक. शिरेच्या रुंदीपेक्षा थोड्या मोठ्या व्यासाची कॉइल निवडतात, म्हणजे ती शिरेत अडकून बसते. पुष्कळदा सुई जठराच्या पातळ झालेल्या अस्तरातून न घालता अन्ननलिकेच्या खालच्या टोकातून, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या स्नायूतून, शिरेत नेतात, कारण जेथे शीर फुटण्याच्या बेतात आहे नेमक्या त्याच जागी भोक पाडायचे टळते. आधी कॉइल, मग तिच्यावर थोडा ग्लू, मग पुन्हा डॉप्लर. प्रवाह दिसत राहिला तर आणखी भर. मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही शेवटची पायरी, कारण काम पुरे झाले की नाही हे पाहून ठरवता येते.

तुम्ही विचारलेला प्रयोगाचा प्रश्न आता घेऊ. प्रयोग हा शब्द मी वापरणार नाही, पण सर्वमान्य, सर्वत्र मिळणारा पहिला उपचार असेही म्हणणार नाही. बिनमुलर यांच्या गटाने २०१६ मध्ये १५२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्या १०० जणांची नंतर अल्ट्रासाउंडने तपासणी झाली, त्यांतील ९३ जणांच्या शिरा पूर्ण बुजलेल्या आढळल्या. हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण ते एका अत्यंत निष्णात केंद्राचे आहेत आणि तपासणीला परत आलेल्यांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. इक्वाडोरमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक चाचणीत नुसत्या कॉइलपेक्षा कॉइल आणि ग्लू एकत्र वापरल्यावर पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण कमी आढळले. साध्या दुर्बिणीतून दिलेल्या ग्लूशी तुलना करणारे अभ्यासही एकंदरीत याच बाजूला झुकतात: शीर अधिक खात्रीने बुजते, पुन्हा रक्तस्राव कमी होतो. मात्र त्यामुळे आयुष्य वाढते असे ठामपणे दाखवून देण्याइतका मोठा पुरावा या अभ्यासांतून उभा राहिलेला नाही, आणि त्यामागचे कारण मी सुरुवातीला सांगितलेच आहे. सिरॉसिसचा रुग्ण किती जगतो हे मुख्यतः यकृत ठरवते.

या उपचाराचा निकाल करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो. म्हणून तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारावे की जठरातल्या शिरांसाठी हा उपचार त्यांनी किती वेळा केला आहे, रक्तस्राव आवरला नाही तर टिप्स किंवा रक्तवाहिनीतून करायचे इतर उपाय करणारे रेडिओलॉजिस्ट त्याच रुग्णालयात आहेत का, आणि आयसीयूची सोय आहे का. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याविषयी त्या दुखावण्यातूनच काहीतरी कळते.

ग्लू इतरत्र जाण्याची भीती खोटी नाही. फंडसमधल्या शिरेतून पुष्कळदा एक मोठा आडमार्ग डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे जातो. तेथून रक्त महाशिरेत, हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसात पोहोचते. ग्लू घट्ट होण्याआधी प्रवाहाबरोबर वाहिला तर त्याचे कण याच वाटेने फुप्फुसात अडकतात. बहुतेकदा ते केवळ सीटी स्कॅनवर दिसतात आणि रुग्णाला काही जाणवत नाही; क्वचित मात्र धाप लागते, ऑक्सिजन उतरतो आणि प्रसंग गंभीर होतो. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून छिद्र राहिलेले असेल तर कण मेंदूकडेही जाऊ शकतात, म्हणून हृदयाचा इको आधी झालेला बरा. कॉइलचा खरा फायदा येथे कळतो: ती शिरेत जाळीसारखी बसते, ग्लू तिच्या धाग्यांना धरून राहतो, आणि एकूण ग्लूही कमी लागतो. धोका शून्य होत नाही, पण घटतो. याखेरीज एक-दोन दिवस पोटात दुखणे, बारीक ताप, सुई घातलेल्या जागेतून रक्त येणे, संसर्ग, आणि पुढे ग्लूचा साचा सुटताना व्रणातून होणारा रक्तस्राव हे संभवतात. यांपैकी पहिले दोन मी अपेक्षितच धरतो.

आयएनआर १.६ आणि प्लेटलेट ६२,००० हे आकडे पाहून ‘रक्त पातळ आहे’ असे तुम्हांला वाटले, आणि रुग्णालयांतही हा शब्दप्रयोग सर्रास होतो. मला तो दिशाभूल करणारा वाटतो. यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करते, तसेच गोठणे रोखणारे घटकही तेच तयार करते. सिरॉसिसमध्ये दोन्ही बाजू घटतात आणि एक नवा, काहीसा डळमळीत तोल तयार होतो. आयएनआर या तराजूचे एकच पारडे मोजते. म्हणूनच आयएनआर वाढलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांच्या पोर्टल शिरेत गुठळ्याही होतात, जे ‘पातळ रक्ता’च्या कल्पनेत बसत नाही. शिरा फुटतात त्या मुख्यतः दाबामुळे. आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या तर रक्ताचे एकूण आकारमान वाढते, त्याबरोबर पोर्टल दाब वाढतो आणि ज्यासाठी हा खटाटोप करायचा तोच धोका वाढतो. २०२१ मध्ये झालेल्या, पोर्टल दाबाच्या तज्ज्ञांच्या बाव्हेनो परिषदेच्या सातव्या सहमतीतही शिरांच्या रक्तस्रावात असा प्लाझ्मा देऊ नये असेच म्हटले आहे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवर केवळ आयएनआरपायी हा उपचार अडावा असे मला दिसत नाही. प्लेटलेटविषयी त्या दिवशीचा निर्णय तुमचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ घेतील. त्यांनी काही दिले नाही, तर निष्काळजीपणा झाला असे मात्र समजू नका.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाकडे वळतो, कारण तुमची खरी घालमेल तेथे आहे असे मला वाटते. टिप्समध्ये मानेच्या शिरेतून आत जाऊन यकृताच्या आतच पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांना स्टेंटने जोडतात. दाब मुळाशीच उतरतो. अन्ननलिकेतल्या शिरा आणि पोटातले पाणी या दोन्हींवर त्याचा उपयोग होतो. ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु जे रक्त यकृतात गाळले जायचे ते त्याला वळसा घालून थेट पुढे जाते, आणि आतड्यांतले अमोनियासारखे पदार्थ मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी, विसराळूपणा, भ्रम होऊ शकतो. टिप्सनंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. हृदय अशक्त असेल तर वाढलेला प्रवाह त्याला झेपत नाही, आणि बिलिरुबिन फार वाढलेले असेल तर उरलेले यकृतही कोलमडू शकते. फंडसच्या शिरांबाबत आणखी एक गोम आहे. मोठा आडमार्ग आधीच उघडा असल्यामुळे या शिरा पुष्कळदा १२ पेक्षा कमी दाबावरही फुटतात, त्यामुळे नुसता दाब उतरवून त्या शांत होतीलच असे नाही, आणि अनुभवी रेडिओलॉजिस्ट टिप्स करतानाच त्या शिरेतही कॉइल किंवा ग्लू घालतात.

तिसराही मार्ग आहे. मूत्रपिंडाकडे जाणारा तो आडमार्ग पुरेसा रुंद असेल तर मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून उलट दिशेने तेथे पोहोचून, फुगा फुगवून प्रवाह अडवून, शिरेत औषध भरून ती बंद करतात. याला बीआरटीओ म्हणतात आणि जपानमध्ये ही पद्धत विशेष विकसित झाली. ती फंडसची शीर उत्तम बंद करते, मेंदूवरचा परिणाम वाढण्याऐवजी घटूही शकतो. पण एक मोठी पळवाट बंद झाल्यामुळे पोर्टल दाब वाढतो आणि पोटातले पाणी किंवा अन्ननलिकेतल्या शिरा वाढू शकतात. तुमच्या आईंना या दोन्ही गोष्टी आधीच आहेत.

यकृत किती बिघडले आहे हे ठरवणाऱ्या चाइल्ड-प्यू मोजणीत तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तुमच्या आईंचे गुण ८ येतात, म्हणजे मधला, बी वर्ग. शुद्ध व्यवस्थित आहे, पाणी थोडेच आहे आणि बँडिंग चालू आहे. एवढ्या माहितीवर माझा कल तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या कॉइल आणि ग्लूकडे आहे, आणि टिप्स हा हाताशी ठेवायचा उपाय आहे: पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा औषधांनी पाणी आवरेनासे झाले, तर. दुसऱ्या डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणत नाही. ते दाबाकडे पाहत आहेत, पहिले शिरेकडे. दोघांना एकमेकांशी फोनवर १० मिनिटे बोलायची विनंती करा. नातेवाइकांनी एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे नेण्यापेक्षा हे कितीतरी बरे असते.

मात्र माझा हा कल एका अटीवर आहे. पोटाचा, शिरा दाखवणारा सीटी स्कॅन झाला आहे का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तो झाला नसेल तर तारीख घेण्याआधी करून घ्या. मूत्रपिंडाकडचा आडमार्ग आहे का आणि किती रुंद आहे हे त्यात दिसते, आणि ग्लूचा धोका व बीआरटीओची शक्यता दोन्ही त्यावर ठरतात. पोर्टल शिरेत गुठळी आहे का हे कळते. प्लीहेच्या शिरेत गुठळी झाल्यामुळे फक्त फंडसच्या शिरा फुगणे हा एक वेगळाच आजार असतो आणि त्याचा उपचार प्लीहेच्या बाजूने करावा लागतो. सिरॉसिस असलेल्या रुग्णात तो विचारात घ्यायचे राहून जाऊ शकते. आणि यकृतात गाठ नाही ना, हेही पाहिले जाते. सिरॉसिसच्या रुग्णाची यासाठी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी, ती गेल्या ४ वर्षांत होत होती का तेही आठवून पाहा. सीटीसाठी शिरेतून द्यायच्या औषधाआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा, तपासतील. तुम्ही पाठवलेल्या यादीत तोच एक महत्त्वाचा आकडा नाही.

क्रिएटिनिनचे दुसरेही काम आहे. ते कळले की यकृताच्या आजाराची तीव्रता दाखवणारे मेल्ड गुण काढता येतात, आणि ते सामान्य असेल तर तुमच्या आईंचे गुण १४-१५ च्या आसपास येतील. १५ च्या घरात आलेल्या आणि एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाने यकृत प्रत्यारोपण केंद्रात नाव न नोंदवता निदान तपासणी तरी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यारोपण उद्याच करायचे आहे असा त्याचा अर्थ होत नाही. केंद्राशी ओळख प्रकृती बरी असताना झालेली चांगली. आयसीयूमधून घाईघाईने फिरवलेल्या फोनने सुरू होणारी ओळख उशिराची ठरते.

उपचारानंतरचा काळ तुम्ही विचारलेला नाही, तरी लिहितो. १ ते ३ महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून डॉप्लरने शीर कोरडी आहे का ते पाहतात आणि गरज पडली तर भर घालतात. म्हणजे हे एका बैठकीत संपेलच असे धरून चालू नका. अन्ननलिकेचे बँडिंग शिरा नाहीशा होईपर्यंत ठरल्याप्रमाणे चालू राहिले पाहिजे, कारण फंडसची वाट बंद झाल्यावर रक्त इतर वाटांनी जाणारच. दाबावर काम करणारे औषध म्हणजे कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल. ते आईंना सुरू आहे का हे विचारा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जात असेल तर ते कमी किंवा बंद करावे लागते, पण तसा अडथळा नसताना ते दिलेच गेले नसेल तर शीर बुजवूनही अर्धे काम बाकी राहते. पोटातली जळजळ कमी करणाऱ्या गोळ्या रुग्णालयातून घरी आल्यावर महिनोन्महिने चालू राहतात. त्यांची अजून गरज आहे का हेही विचारा, कारण सिरॉसिसमध्ये त्या विनाकारण घेतल्याने संसर्गाचा धोका वाढू शकतो. साखर आणि वजन यांवरचे उपचार तर चालूच राहणार, कारण आजाराचे मूळ तेथे आहे. सिरॉसिस म्हटले की लोक दारूचा संशय घेतात, आणि बायकांना तो अधिकच बोचतो. मधुमेह आणि चरबी यांमुळे होणारा सिरॉसिस हा पूर्ण खरा आणि आता अगदी सामान्य झालेला आजार आहे, हे नातेवाइकांना सांगायची वेळ आली तर माझे नाव घेऊन सांगा.

आईंना किती सांगावे, या प्रश्नावर मी तुमच्यापेक्षा वेगळा विचार करतो असे दिसते. रक्ताची उलटी त्यांना झाली आहे. आपण आजारी आहोत हे त्यांच्यापासून लपवण्यासारखे उरलेले नाही. संमतीपत्रावर सही त्यांची हवी, आणि समजून केलेली हवी. फुप्फुसाचा धोका, पुन्हा दुर्बीण टाकावी लागण्याची शक्यता, टिप्स हा पर्याय, हे सगळे साध्या शब्दांत त्यांना सांगता येते. आकडेवारी त्यांना नको असेल तर त्या तसे सांगतील. ज्या रुग्णाला काय होणार हे माहीत असते, तो उपचारानंतर ताप आला तरी घाबरत नाही आणि काळी शौचास झाली तर लपवत नाही. त्यातले दुसरे फार महत्त्वाचे आहे.

कारण तारीख येईपर्यंतचे दिवस जोखमीचे आहेत. डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, उभे राहताच घेरी येणे, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, ताप किंवा पोटात वाढते दुखणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र काढू नका. कोणत्या रुग्णालयात जायचे हे आजच ठरवून ठेवा, आणि सिरॉसिस व फंडसच्या शिरा आहेत हे पोहोचल्याबरोबर सांगा, म्हणजे रक्तस्राव आवरणारे औषध आणि अँटिबायोटिक दुर्बिणीची वाट न पाहता सुरू होतील. रक्त किती चढवले यावरून उपचाराची तत्परता मोजू नका. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या दरम्यान राखणे बहुतेक रुग्णांना पुरेसे असते आणि जास्त रक्ताने दाब वाढतो. झोपेच्या गोळ्या घरात असतील तर बाजूला काढा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका; त्यासाठी दिलेले लॅक्टुलोज हे साधे रेचक वाटते, पण ते मेंदू जपते.

राहिला गुडघा. एमआरआयचे उत्तर सोपे आहे: शिरेत घालायच्या कॉइल बहुधा प्लॅटिनमच्या किंवा निकेलच्या मिश्रधातूच्या असतात आणि बहुतेक प्रकारांसह ठरावीक अटींवर एमआरआय करता येतो. वापरलेल्या कॉइलचे नाव, आकार आणि संख्या डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, पाकिटावरचा स्टिकर मिळाला तर तो जपून ठेवा, आणि एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञाला तो आधी दाखवा. मला मात्र एमआरआयपेक्षा गुडघादुखीचीच अधिक चिंता वाटली. गुडघा दुखत असताना आई काय घेत होत्या? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सिरॉसिसमध्ये जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि पोटातले पाणी वाढवतात, आणि त्या चिठ्ठीशिवाय इतक्या सहज मिळतात की बहुतेक जण त्यांना औषध म्हणून मोजतच नाहीत. आईंच्या उशाशी, पर्समध्ये आणि देवघरातल्या डब्यातही पाहा, आणि सापडतील तेवढ्या पट्ट्या पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा. तोवर दुखणे असह्य झाले तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत, आणि गुडघ्यावर गरम शेक.